सीएसआरचे नऊ लाख आणि बँकेचा अर्धा टक्का

प्रश्न एका तरुण संचालकाचा आहे, थोडक्यात असा: बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या आणि रेडिएटर बनवणारी घरची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. भरणा झालेलं भांडवल २ कोटी, उलाढाल १४० कोटींच्या घरात, बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट, म्हणजे माल आणि येणी तारण ठेवून उचलता येणारी रक्कम, १८ कोटी. गेल्या वर्षी नफा पहिल्यांदाच ५ कोटींच्या वर गेला आणि सीएसआर, म्हणजे नफ्यातला ठरावीक भाग समाजाच्या कामावर खर्च करण्याची सक्ती, लागू झाला. त्याच सुमारास एका मोठ्या ग्राहक कंपनीकडून पर्यावरण, कामगार आणि गव्हर्नन्स (कंपनीचा कारभार) याबद्दलची लांबलचक प्रश्नावली आली. लिमिटच्या रिन्यूअलला बँकेनेही तेच विषय काढले. बाबा म्हणतात, हा अजून एक टॅक्स, बाकी सगळं कागदी काम. "यामुळे कंपनीच्या फायनान्समध्ये आणि वरच्या माणसांच्या वागण्यात खरंच काही फरक पडतो का?" आणि शेवटी जाता जाता एक ओळ: "काकांच्या नावावर ४० लाखांची उचल आहे, शेड काकूंच्या नावावर आहे, ऑडिटर त्याबद्दल सारखं विचारतात."

फरक पडतो. मी एकतीस वर्षं बडोद्यात सीएची प्रॅक्टिस करते, ऑफिस दांडिया बाजारात, आणि निम्म्याहून जास्त क्लायंट मकरपुरा, वाघोडिया, सावली इथले घरचे धंदे आहेत. फरक पडलेला मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे, चांगल्याही आणि वाईटही. पण तुमच्या घरात ज्या कागदावरून वाद चाललाय त्या सीएसआरच्या कागदामुळे तो फार थोडा पडतो. मोठा फरक तुम्ही शेवटी सहज लिहून टाकलेल्या त्या ओळीत आहे. तिथपर्यंत येते.

आधी सीएसआरचा हिशेब उरकून घेऊ. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. आदल्या आर्थिक वर्षात नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातला एक जरी आकडा गाठला की तरतूद लागू. तुम्ही नफ्याच्या दारातून आत आलात. लागू होतं एका वर्षाच्या आकड्यावर, खर्च मात्र ठरतो मागच्या तीन वर्षांच्या सरासरीवर, तिच्या २ टक्के. तुम्ही कळवलेले तीन वर्षांचे नफे ३.१, ४.४ आणि ५.७ कोटी. सरासरी ४.४ कोटी, म्हणजे खर्च ८ लाख ८० हजार. हा नफा कलम १९८ प्रमाणे काढायचा असतो, ताळेबंदातला आकडा जसाच्या तसा उचलायचा नाही, तेवढं ऑडिटरकडून तपासून घ्या. खर्चाची रक्कम ५० लाखांच्या आत आहे, त्यामुळे वेगळी समिती नको, बोर्डच निर्णय घेऊ शकतं. जी रक्कम खर्चली नाही आणि जी कुठल्या चालू प्रकल्पाचीही नाही, ती वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या एखाद्या निधीत भरावी लागते. नाही भरली तर कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यात जे कमी असेल तेवढा दंड. तुमच्या बाबतीत १७ लाख ६० हजार. जबाबदार अधिकाऱ्याला रकमेचा दहावा भाग किंवा २ लाख, यात कमी असेल तेवढा, म्हणजे ८८ हजार.

बाबांचं "टॅक्स" म्हणणं मी उडवून लावणार नाही. हा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून आयकरात वजा होत नाही. तुमची कंपनी २५.१७ टक्क्यांच्या दराने कर भरत असेल, तर हे ८.८ लाख बाजूला काढायला आधी पावणेबारा लाखांच्या आसपास कमवावे लागतात. हे बोचणारच. पण टॅक्स एकदा भरला की त्याचं पुढे काय झालं हे तुम्हाला कोणी विचारत नाही. इथे नियम असा आहे की पैसे मंजूर कामासाठी, मंजूर पद्धतीनेच वापरले गेले, याचं प्रमाणपत्र सीएफओने किंवा फायनान्सची जबाबदारी असलेल्या माणसाने द्यायचं. तुमच्याकडे ते तुम्हीच.

म्हणून पहिली गोष्ट. सीएसआर लागू झाल्याचं कळताच तुमच्याकडे ट्रस्टवाले येतील. बहुतेक चांगले असतात. त्यांच्याकडे सीएसआर-१ची नोंदणी, म्हणजे सीएसआरचे पैसे घेऊन काम करण्यासाठीची सरकारी नोंदणी, आहे का ते बघा आणि एकदा प्रत्यक्ष जाऊन काम पाहा. पण एखादा असाही येतो की "चेक द्या, दहा-पंधरा टक्के कापून बाकी रोख परत". माझ्या एका क्लायंटने माझ्या नकळत हे केलं. रक्कम लहान होती. पण ती रोख घ्यायला गाडी घेऊन ड्रायव्हर गेला, पाकीट अकाउंटंटने मोजलं, आणि सहा महिन्यांत परचेसवाल्याने पत्र्याच्या व्यापाऱ्याकडून किलोमागे स्वतःचं कमिशन सुरू केलं. पकडला तेव्हा तो मालकाच्या डोळ्याला डोळा देऊन उभा होता आणि मालकाला त्याच्यावर तक्रार करता आली नाही. वरचा माणूस काय करतो हे खालच्याला पॉलिसीच्या फाइलमधून कळत नाही, ते अशा पाकिटातून कळतं. पत्र्यामागे गेलेले पैसे सीएसआरच्या रकमेच्या कितीतरी पट होते.

दुसरी गोष्ट, २०२४च्या ऑगस्टअखेरची. विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा अनेक कारखान्यांनी आपल्या कामगारांना गाद्या, धान्य, स्टोव्ह दिले. एका मालकांना तो खर्च सीएसआरमध्ये धरायचा होता. आपत्तीतलं मदतकार्य सीएसआरमध्ये बसतं, पण फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांना फायदा होईल असा खर्च बसत नाही. ते नाराज झाले. मी म्हटलं, साहेब, हा खर्च कर्मचारी कल्याणात टाका, तो आयकरातही वजा होईल. आणि सीएसआरचे पैसे कारखान्यामागच्या वस्तीतल्या शाळेला द्या, तिची जमीन आठ दिवस पाण्याखाली होती. दोन्ही झालं. आपल्या माणसांचं देणं आणि गावाचं देणं ही वेगळी खाती आहेत, आणि ती वेगळी ठेवली की हिशेबही सोपा होतो.

सीएसआर केलं की नफा वाढतो असं छातीठोकपणे सांगणारे सल्लागार तुम्हाला भेटतील. त्यांच्यावर फार विसंबू नका. ज्यांच्याकडे पैसा असतो त्या कंपन्या जास्त खर्च करतात, त्यामुळे कशामुळे काय झालं हे सुटं करणं अवघड असतं. शाळेला पैसे द्या ते शाळेला गरज आहे म्हणून. फायनान्स सुधारण्याची जागा दुसरी आहे.

ती जागा म्हणजे तुमचं स्टॉक स्टेटमेंट.

दर महिन्याला बँकेला माल आणि ग्राहकांकडची येणी यांचं जे पत्रक जातं, त्यावर तुमची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे लिमिटमधून प्रत्यक्ष किती उचलता येईल ते, ठरते. हे पत्रक बहुतेक घरच्या कंपन्यांत कसं तयार होतं ते मी इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटून सांगू शकते. महिन्याच्या सात-आठ तारखेला अकाउंटंट विचारतो, "शेठ, किती दाखवायचंय?" म्हणजे आधी हवी ती ड्रॉइंग पॉवर ठरते, मग तिच्यावरून माल ठरतो. जॉबवर्कला बाहेर गेलेला पत्रा आत धरला जातो, कापून उरलेलं भंगार चांगल्या पत्र्याच्या भावाने लागतं, नव्वद दिवसांवरची येणी साठ दिवसांची होतात. एका कारखान्यात स्टोअरकीपरकडे दोन डायऱ्या होत्या, एक निळी, एक लाल. मी फिजिकल स्टॉक मोजायला गेले तेव्हा त्याने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "मॅडम, कुठली आणू?" त्या माणसाला यात काही वावगं आहे असं वाटतच नव्हतं. त्याच्यासाठी ती कामाची पद्धत होती, वर्षानुवर्षांची.

पूर्वी हे खपून जायचं. आता ऑडिटरला कॅरो २०२० या आदेशाप्रमाणे अहवालात स्पष्ट लिहावं लागतं की चालू मालमत्तेच्या तारणावर ५ कोटींहून जास्त लिमिट असलेल्या कंपनीने बँकेला दिलेली तिमाही पत्रकं हिशेबाच्या वह्यांशी जुळतात का. तुमचं लिमिट १८ कोटी, म्हणजे हे कलम तुम्हाला लागू. ताळेबंदाच्या टिपांमध्येही फरक कारणासह दाखवावा लागतो. बँकेचा क्रेडिट ऑफिसर तुमचा ऑडिट रिपोर्ट उघडतो तेव्हा बऱ्याचदा सगळ्यात आधी हेच पान काढतो. त्यात एप्रिल २०२३पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठली नोंद कधी बदलली याचा माग राहणं सक्तीचं आहे. मागच्या तारखेला जाऊन हात फिरवला तरी तो दिसतो.

पत्रकात आणि वह्यांत फरक आला म्हणजे लबाडीच असं मुळीच नाही. कच्चे आकडे असतात, मालाचं मूल्यांकन वर्षाअखेर बदलतं. पण त्या फरकाचा ताळमेळ त्याच आठवड्यात लिहून, सही करून फाइलला लावलेला असेल तर बँकेच्या डोक्यात एक चित्र तयार होतं, आणि वर्षाअखेर ऑडिटरने विचारल्यावर सारवासारव झाली तर दुसरं. कंपनीची पत जोखणाऱ्या रेटिंग एजन्सीचे लोक प्लँट बघायला येतात तेव्हा चहा मालकांबरोबर घेतात, पण प्रश्न स्टोअरकीपरला आणि अकाउंटंटला वेगवेगळे विचारतात. आणि माहिती वेळेवर दिली नाही तर रेटिंगपुढे "इश्यूअर नॉट कोऑपरेटिंग" असा शिक्का लागतो, जो कुठलाही बँकर इंटरनेटवर पाहू शकतो. मी असा शिक्का लागलेली एक कंपनी दुसऱ्या बँकेत नेण्याचा प्रयत्न केला होता. धंदा उत्तम होता. चार बँकांनी पहिल्याच भेटीत तोच कागद पुढे केला.

आता तुमच्या बाबांना समजेल असा आकडा. १८ कोटींच्या लिमिटवर अर्धा टक्का व्याज जास्त लागलं, आणि लिमिट पूर्ण वापरात असलं, तर वर्षाला ९ लाख जातात. तुमच्या सीएसआरची रक्कम ८.८ लाख. घरात ज्या रकमेवरून महिनाभर धुसफूस चालली आहे, जवळपास तेवढीच रक्कम बँकेच्या एका शंकेत दर वर्षी जाऊ शकते. सीएसआर निदान डोळ्यांना दिसतो.

वरच्या माणसांच्या वागण्याबद्दल विचारलंत. तिथे माझा अनुभव असा की माणसं आपण ज्यासाठी पैसे देतो तेच करतात. एक पंप बनवणारी कंपनी होती, मालक सज्जन, सेल्स हेड हुशार. इन्सेन्टिव्ह वर्षाच्या विक्रीवर, ठरावीक टप्पा ओलांडला की दुप्पट. एका वर्षी मार्चच्या शेवटच्या तीन दिवसांत ४ कोटींची बिलं निघाली. बिल खरं, ई-वे बिल खरं, ट्रान्सपोर्टची पावती खरी. मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जांबुवाजवळच्या एका ट्रान्सपोर्टरच्या गोदामात दुसऱ्याच कामासाठी गेले आणि तिथे त्याच कंपनीचे खोके रचलेले दिसले, वर मार्चचीच लेबलं. डीलरना माल नको होता. "एकतीसला घ्या, पंधरा दिवसांनी परत करा" असं बोलणं झालं होतं. मे महिन्यात माल परत आल्याच्या क्रेडिट नोटा आल्या, तोपर्यंत इन्सेन्टिव्ह दिला गेला होता. त्या चार कोटींवर जीएसटी भरला गेला होता, तो भरायला सीसी वापरली होती, तिचं व्याज चढलं होतं, आणि मालक हे आकडे बघून नवीन मशीनच्या कर्जावर सही करून बसले होते. मालकांना कोणी फसवलं असं म्हणावं तर त्या सेल्स हेडला स्वतःलाही ते फसवणूक वाटत नव्हती. योजना कंपनीनेच बनवली होती.

आम्ही ती बदलली. इन्सेन्टिव्ह विक्रीवरून वसुलीवर आणला, ज्याला इथे सगळे उघराणी म्हणतात. त्यातला एक तृतीयांश जूनपर्यंत राखून ठेवला आणि एप्रिल-मेच्या क्रेडिट नोटा त्यातून वजा केल्या. पुढच्या मार्चमध्ये शेवटच्या तीन दिवसांची विक्री खाली आली आणि वर्षाचा रोख प्रवाह सुधारला. माणूस तोच, खुर्ची तीच. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेत हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. खात्यांची टार्गेट गाठायला ग्राहकांना न विचारता खाती उघडली गेली, सप्टेंबर २०१६मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेल्याचं बाहेर आलं आणि प्रमुखाला ४ कोटी १० लाख डॉलरच्या शेअर्सवर पाणी सोडावं लागलं. आपल्याकडे पब्लिक कंपनीत संचालकांच्या एकूण मोबदल्याला नफ्याच्या ११ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. प्रायव्हेट कंपनीला ती नाही, म्हणून तुमच्याकडे पगार आणि बोनस कशावर ठरतो हे बोर्डाने बसून, विचार करून ठरवणं जास्तच गरजेचं आहे.

आता काकांचे ४० लाख.

तुम्ही "उचल" लिहिलंय. कायद्याच्या भाषेत ते संचालकाला दिलेलं कर्ज आहे. कलम १८५ त्याला मनाई करतं. प्रायव्हेट कंपनीला यातून सूट आहे, पण तिच्या अटींपैकी एक अशी की बँकांची आणि संस्थांची कर्जं भरणा भांडवलाच्या दुपटीपेक्षा किंवा ५० कोटींपेक्षा, यात जे कमी असेल त्यापेक्षा, कमी असली पाहिजेत. तुमच्या भांडवलाची दुप्पट ४ कोटी. लिमिट १८ कोटी. सूट मिळत नाही. शिक्षा कंपनीला ५ ते २५ लाखांचा दंड; कर्ज घेणाऱ्या संचालकाला तेवढाच दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय काकांचे शेअर १० टक्के किंवा जास्त असतील तर हीच रक्कम आयकरात त्यांच्या हातातला लाभांश धरली जाऊ शकते. ऑडिटर "सारखं विचारतात" ते तुम्हाला त्रास द्यायला नाही, त्यांना यावर सही करायची असते.

कायद्याहून मला काळजी वाटते ती वेगळी. धंदा चांगला चालू असताना हे ४० लाख घरातली गोष्ट असते. धंदा अडचणीत आला की हाच व्यवहार मागे वळून वाचला जातो. रिझर्व्ह बँकेच्या विलफुल डिफॉल्टरच्या, म्हणजे मुद्दाम कर्ज थकवणाऱ्यांच्या, नियमावलीत २५ लाखांपासूनची थकबाकी येते, आणि हेतुपुरस्सर थकबाकी ठरवताना पैसा दुसरीकडे वळवला का हे पाहतात. कंपनी दिवाळखोरी कायद्यात गेली तर जवळच्या लोकांशी झालेले व्यवहार मागची दोन वर्षं उकरले जातात. त्या दिवशी समोर बसलेल्या माणसाला काकांनी घराच्या डाउन पेमेंटसाठी ते घेतले होते, आणि ते अत्यंत सरळ गृहस्थ आहेत, हे सांगून उपयोग होत नाही. मी एका काकांना असं बसलेलं पाहिलं आहे. सत्तरीचे होते. त्यांनी स्वतःसाठी काही लपवलं नव्हतं, फक्त लिहून ठेवलं नव्हतं.

मार्ग आहेत आणि सगळे सरळ आहेत. रक्कम व्याजासह परत येऊ शकते, हवं तर काकांनी बँकेकडून गृहकर्ज काढून. कंपनी लाभांश जाहीर करू शकते, काका त्यावर कर भरतील आणि पैसे त्यांचे होतील. त्यांचा पगार कामाच्या मानाने कमी असेल, आणि घरच्या धंद्यात मोठ्या भावाच्या नाही तर धाकट्याच्या वाट्याला तसं बऱ्याचदा येतं, तर तो ठराव करून योग्य पातळीला आणा. उचलीच्या मुळाशी अनेकदा हाच न बोललेला अन्याय असतो. तो विचारा, नुसती रक्कम मागू नका.

शेडचं तसंच. काकूंची जागा भाड्याने घेण्यात गैर काही नाही. कलम १८८ बघतं ते भाडं बाजारभावाने आहे का आणि बोर्डासमोर आलं का. शेजारच्या दोन शेडचे भाडेकरार किंवा दलालाचं लेखी पत्र, काकांनी आपला हितसंबंध नोंदवल्याची ओळ, आणि बोर्डाच्या इतिवृत्तात चार वाक्यं. एवढं असलं की कोणीही कधीही विचारलं तरी उत्तर तयार.

ही गोष्ट किती लांब जाऊ शकते याचं आपल्या देशातलं उदाहरण सत्यम ही आयटी कंपनी. डिसेंबर २००८मध्ये त्यांच्या बोर्डाने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या १.६ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं. बोर्डावर नावाजलेले स्वतंत्र संचालक होते. शेअरधारकांनी आरडाओरडा केला तेव्हा काही तासांत निर्णय मागे घेतला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ला, कंपनीचे प्रमुख रामलिंग राजूंचं पत्र आलं: ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. घरच्या कंपन्या विकत घेणं हा त्या खोट्या शिल्लकीच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा शेवटचा प्रयत्न होता. एका दिवसात शेअर तीन चतुर्थांशांहून जास्त पडला. २०१३च्या कायद्यातलं बरंच काही त्या धक्क्यानंतर आकाराला आलं. आणि बाबांच्या "कागदी काम" या शंकेला मान देऊन हेही सांगते: पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएसकडे समित्या, धोरणं, सगळं होतं, ऑगस्ट २०१८पर्यंत रेटिंगही सर्वोच्च होतं. १ ऑक्टोबर २०१८ला सरकारला तिचं बोर्ड बाजूला करावं लागलं. कागद असणं पुरत नाही हे बाबांचं खरं आहे. कोणीतरी मालकाला तोंडावर प्रश्न विचारू शकतं आणि त्याचं उत्तर लिहून घेऊ शकतं, हे असावं लागतं.

प्रश्नावलीबद्दल थोडक्यात. तुमचा ग्राहक लिस्टेड आहे. सेबीने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३पासून जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केल्यावर असे प्रश्न पुरवठादारांकडे येऊ लागले. "होय" लिहिण्याचा मोह होईल. जिथे नाही तिथे "नाही, अमुक महिन्यापर्यंत करू" असं लिहा. लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती दहा किंवा जास्त कर्मचारी असले की हवीच, तिथे तर "नाही" लिहायची वेळ येऊ देऊ नका. आणि तुमच्या पेंटिंगआधीच्या ॲसिड आणि फॉस्फेटच्या टाक्यांचं धुवणाचं पाणी. आपल्या भागातलं औद्योगिक सांडपाणी समुद्रापर्यंत न्यायला १९८३पासून छप्पन किलोमीटरच्या आसपास लांबीचा कालवा आहे, तरी आत सोडण्याआधीची प्रक्रिया कारखान्याचीच जबाबदारी. पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ला प्रक्रिया यंत्रणा चालू नसलेले कारखाने चालवू देऊ नका असा आदेश दिला. प्रदूषण मंडळाच्या क्लोजर नोटिशीत वीजजोडणीही तोडता येते. तुमची उलाढाल १४० कोटी, कामाचे तीनशे दिवस धरले तर एक बंद दिवस सुमारे ४७ लाखांच्या मालाचा. ट्रीटमेंट प्लँटचा ऑपरेटर सुट्टीवर असतो तेव्हा त्याच्या जागी कोण, हे आजच विचारा.

छोट्या पुरवठादारांची देणीही यातच धरा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे. २०२३-२४पासून मुदतीनंतर थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून वजा होत नाही. उशिरावर बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज. तुमच्याकडे ब्रॅकेट कापून देणारे दोघे-तिघे आहेत, त्यांची बिलं मार्चमध्ये काढून बघा.

बाबांशी हे बोलताना "गव्हर्नन्स" हा शब्द वापरू नका. त्यांनी एका लेथवरून हे उभं केलंय. त्यांचा शब्द हाच इतकी वर्षं कंपनीचा कागद होता, आणि तो खरा होता म्हणूनच लोकांनी माल उधार दिला. ज्या बडोद्यात संस्थानाचा स्वतःचा १८९७चा कंपनी कायदा होता आणि त्याखाली २० जुलै १९०८ला बँक ऑफ बडोदा नोंदली गेली, तिथल्या जुन्या व्यापाऱ्यांना चोपडा (हिशेबाची वही) नीट असण्याचं मोल शिकवावं लागत नाही. त्यांना सांगा की आता समोरचा बँकेचा माणूस दर तीन वर्षांनी बदलतो, त्याला तुमचा शब्द ऐकलेला नसतो, त्याला फक्त चोपडा दिसतो.

पुढच्या बोर्ड मीटिंगला बाहेरचा एक माणूस बसवा, निवृत्त बँकर असेल तर उत्तम. कायद्याने तुम्हाला स्वतंत्र संचालक सक्तीचा नाही, सल्लागार म्हणून बोलवा. अजेंड्यावर पहिलं तीन महिन्यांची स्टॉक स्टेटमेंटं आणि वह्यांचा ताळमेळ, दुसरं काकांची रक्कम, तिसरं शेड, सीएसआर चौथा. आर्थिक वर्षातली पहिली मीटिंग असेल तर प्रत्येक संचालकाने एमबीपी-१ या फॉर्ममध्ये आपले सगळे हितसंबंध लिहून द्यायचे. बाबांनी आधी भरावं, मग काकांनी, मग तुम्ही, आणि तुमच्या सासरच्या फर्मशी तुमचा काही संबंध असेल तर तोही. काकांशी मीटिंगआधी घरी बोला, त्यांना अजेंड्यावर आपलं नाव पहिल्यांदा मीटिंगमध्ये दिसू देऊ नका. आणि काकूंच्या शेडचा मूळ भाडेकरार शोधा. बहुधा तो अकरा महिन्यांचा असेल आणि कधीच संपलेला असेल. नवीन करार स्टॅम्प पेपरवर करून घेतलात की त्याची एक प्रत ऑडिटरला स्वतः नेऊन द्या, मागायची वाट पाहू नका.